टर्मपुरती आई

११ फेब्रुवारी २०२१

भाविकाताईंना दिवस गेलेत.

परवाच सरपंच झाल्या. अंगणात अजून गुलाल आहे, कितीही झाडला तरी फरशीच्या फटीतून निघत नाही. आणि आज सकाळी मोरीत उलट्या! सासूबाईंनी नुसतं बघितलं आणि ओळखलं.

दोन मुली आहेत त्यांना. हे तिसरं. कायदा गावात पोरासोरांनाही पाठ झालाय — निवडणुकीत दुसरं बोलणंच नव्हतं. दोनाच्या वर मूल झालं की पद गेलं. पडलेल्या पॅनलचा रुपचंद तर असं काही व्हायची वाटच बघतोय.

पितांबरदादा — माझे मोठे दीर, ताईंचे नवरे, म्हणजे खरे सरपंच — दिवसभर ओट्यावर फोन कानाला लावून. लोक अजून हार घेऊन येतायत. दुपारी एकदम फोन बंद करून आत आले आणि ताईंकडे असं बघितलं, जसं काही त्यांनी एकटीनेच हे केलंय.

मला कुणी काही विचारलं नाही. काय विचारणार? लग्नाला सहा वर्षं झाली, पदरी काही नाही. या विषयात माझं मत कसलं!

१४ फेब्रुवारी

"आत्ताच आहे तर मोकळं करून टाका," ललित म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा मोठ्या भावापुढे तोंड उघडलं माझ्या नवऱ्याने.

सासूबाई उसळल्या. "आनि पोऱ्या व्हयना तं?"

दादांना खुर्चीही सोडवत नाही आणि मुलगाही. एकाच माणसाला दोन्ही हवं, आणि दोन्ही ताईंच्या अंगावरून.

२ मार्च

दादा आज आमच्या खोलीत आले. सहा वर्षांत कधी उंबरा ओलांडला नव्हता. पलंगाच्या कडेला बसले, माझ्याकडे न बघता बोलले —

"रूपा, तुझी ओटी भरेल, आमचंही भागेल. बाळ तुझ्या नावावर लावू. मुलगी झाली तर कायमची तुझी, मी परत नावसुद्धा काढणार नाही. मुलगा झाला तर..."

"तर?"

"तर पाच वर्षं. टर्म संपेपर्यंत."

मी ललितकडे बघितलं. तो पायाच्या अंगठ्याकडे. "दादा म्हणतो तर..." नरडाण्याच्या कंपनीतली नोकरी दादांनीच लावून दिलेली. तिथे बारा तास मशीनपुढे उभा असतो, इथे भावापुढे.

मी हो म्हणाले नाही. नाहीही म्हणाले नाही. संध्याकाळी सासूबाईंनी माझ्यापुढे दोन ढगळ गाऊन आणून टाकले. म्हणजे ठरलं!

भाविकाताई लसूण सोलत बसल्या होत्या. मी शेजारी बसले. मग म्हणाल्या, "तुला जमेल ना गं?" जशी एखादी भाजी जमेल का विचारावी.

२० मे — पिंपळनेर

ताईंच्या भावाचं मळ्यातलं घर. गावात सांगितलंय — ताईंचा मणका दुखतोय, आणि रूपाला दिवस गेलेत, तिला हवापालट. दोघी एकत्र. करोनामुळे कुणाचं येणं नाही, सभा नाहीत, सगळ्यांची तोंडं बांधलेली. आमच्या घराला ही साथ लाभली असं म्हणायचं! लोकांचे जीव जातायत आणि सासूबाई फोनवर म्हणतात, "देवच पावना."

मी पोटावर कापसाची उशी बांधते. बाहेर मी, आत ताई. वाण्याकडे जायचं तर मी कमरेवर हात ठेवून. मळ्यातल्या बाया विचारतात, काय खावंसं वाटतं? मी चिंच म्हणते. त्या खुश होतात, चिंच आणून देतात. ती ताई खातात.

गंमत म्हणजे मला खरंच चहाचा वास सहन होईना झालाय.

११ जुलै

आज लोकसंख्या दिन. पंचायत समितीचा ऑनलाइन कार्यक्रम. सरपंच म्हणून भाविकाताईंचं दोन मिनिटं भाषण!

दादांनी भाषण लिहून पाठवलं होतं. ताईंना खुर्चीत बसवलं, मागे पांढरी चादर टांगली. मोबाइल मी धरला. "फक्त तोंड येऊ दे हं," ताई म्हणाल्या. "छोटे कुटुंब ही काळाची गरज आहे. दोन मुलांवर थांबणे हे प्रत्येक सुजाण नागरिकाचे कर्तव्य आहे..." आणि मधेच थांबल्या. तोंड उघडं. बाळाने आतून जोरात लाथ मारली होती.

"मॅडम, तुमचा आवाज जातोय," पलीकडून साहेब.

"रेंज नाही सर," मी मागून ओरडले.

बंद केल्यावर दोघी इतक्या हसलो की डोळ्यांतून पाणी आलं. मग ताईंचं थांबेना. हसणं कधी संपलं आणि दुसरं कधी सुरू झालं, कळलंच नाही.

३ ऑक्टोबर

मुलगा.

देवा, मुलगी दे म्हणून किती विनवलं होतं. सगळं घर मुलगा मागत होतं, मी एकटी मुलगी. माझं एकटीचं कोण ऐकणार.

दवाखाना ओळखीचा. आईच्या नावापुढे माझं नाव लागलं. कुणी दुसऱ्यांदा विचारलं नाही. सासूबाईंना फोन केला तर पलीकडून आरडाओरडा — "पोऱ्या व्हयना व माय, पोऱ्या व्हयना!" बाळंतीण कशी आहे हे विचारलंच नाही. आणि विचारायचं तरी कुणाबद्दल?

बाळ माझ्या हातात दिलं. गरम. डोक्यावर ओले काळे केस. भिंतीकडे तोंड करून ताई पडल्या होत्या.

१९ नोव्हेंबर

घरी आलो. अंगण एकच, घरं समोरासमोर. मधे फक्त हापसा.

ताई मागच्या दाराने येतात, पाजतात, जातात. मी दाराशी उभी राहते. आज शेवंताबाई — शेजारची — अचानक ताक मागायला आली. ताई मागून पळाल्या, पदरसुद्धा नीट नव्हता. मी बाळाला छातीशी धरून बसले. तो शोधत राहिला, मग रडायला लागला. शेवंताबाई म्हणाली, "दूध कमी शे का व तुले? शतावरी खा."

रात्री दादांनी बंदी घातली. उद्यापासून बाटली.

२५ नोव्हेंबर

आज ग्रामसभा. ताई पदर दुहेरी घेऊन गेल्या. तरी परत आल्या तेव्हा ब्लाउज पुढून भिजलेलं होतं. इकडे मी गाईचं दूध पाण्यात मिसळून उकळत होते.

असलं दूध पण असतं — असून कुणाचंच नाही.

८ फेब्रुवारी २०२२

नाव हर्षल ठेवलं. मी ठेवलं! दादांना दुसरं हवं होतं. मी म्हणाले, पाच वर्षं हाक मी मारणार आहे. या घरात मी जिंकलेली पहिली गोष्ट.

१७ सप्टेंबर २०२२

"आई" म्हणाला. माझ्याकडे बघून. हात पुढे करून.

ताई हापशावर पाणी भरत होत्या. बादली भरून वाहायला लागली तरी त्यांचा हात थांबला नाही.

६ जून २०२३

माहेरी नशिराबादला आठ दिवस. आई म्हणते, याचं नाक अगदी तुझ्यासारखं. मी म्हणते, हो ना.

आईला पण सांगितलेलं नाही. पाच वर्षांनी काय सांगू? मुलगा कुठे गेला म्हणून सांगू?

१४ जानेवारी २०२४

ललित आज हर्षलला सायकलवर बसवून नरडाण्याला रेल्वे दाखवायला घेऊन गेला. परत आला तेव्हा दोघांच्या तोंडाला तिळगुळ. ललित म्हणाला, "मालगाडीचे डबे मोजले आम्ही." मग माझ्याकडे बघून हळूच — "रूपा, दादा विसरला असेल का गं?"

वेडा आहे. दादा काय विसरतात!

२ ऑक्टोबर २०२४

कायदा केला तो लोकसंख्या कमी व्हावी म्हणून. आमच्या घरात एक पोर कमी झालं नाही. फक्त आया बदलल्या.

आणि हे काय आमच्याच घरी? आज गांधीजयंतीच्या ग्रामसभेत बायका मागे बसून कुजबुजत होत्या. पलीकडच्या गावात एकाने तिसरी मुलगी झाल्यावर बायकोला माहेरी धाडलं आणि गावात सांगितलं, तिला सोडलंय. दुसऱ्या एका सदस्याने दवाखान्यात बापाच्या जागी भलतंच नाव दिलं. ती पोर उद्या विचारेल तेव्हा? तो सदस्य मात्र अजून सदस्य आहे. सभेत पुढच्या रांगेत बसतो.

नियम बाईच्या पोटावर. खुर्ची बाप्याची.

२३ एप्रिल २०२५

आज तहसीलला पुढच्या पाच वर्षांची आरक्षण सोडत. चिठ्ठी निघाली. आमच्या गावचं सरपंचपद आदिवासी समाजासाठी राखीव.

म्हणजे पुढची टर्म आमच्या घरात नाही. दादा नाही, ताई नाही, कुणीच उभं राहू शकत नाही.

संध्याकाळी दादा आले. वाईट चेहऱ्याने नाही — हलके होऊन! "आता लपवायचं कुणापासून? खुर्चीच नाही राहिली. टर्म संपायला थोडे महिने. तोपर्यंत पोराला हळूहळू सवय लावू. आधी झोपायला तिकडे."

मी म्हणाले, "तो चार वर्षांचा पण नाही झाला."

"म्हणूनच. लवकर विसरेल."

सासूबाई म्हणाल्या, "मना नातू शे. या घरमा राहो का त्या घरमा, बठ्ठं एकच शे." त्यांच्यासाठी असेल. माझं घर तर हापशाच्या या बाजूलाच संपतं.

२८ एप्रिल

पहिली रात्र तिकडे. रडल्याचा आवाज इथवर येत होता. ललितने पंखा मोठा केला.

११ मे

शिकवणी चालू आहे. दादा त्याला मांडीवर घेऊन ताईंकडे बोट दाखवतात — "ही कोण? आई. आणि ती? काकू. म्हण, काकू." चॉकलेट हातात. हर्षल चॉकलेटकडे बघतो, माझ्याकडे बघतो.

ताई म्हणाल्या, "राहू द्या ना, सावकाश म्हणेल." दादा म्हणाले, "तू सह्या कर तिकडे."

आज म्हणाला. "काकू."

मी हसले. काय करणार, पोरापुढे रडायचं?

९ जून

तो आता कुणालाच काही म्हणत नाही. ना मला आई, ना त्यांना. भूक लागली की येऊन पदर ओढतो. माझा किंवा ताईंचा. परवा पडला, गुडघा फुटला, रक्त आलं — सगळी पोरं पडली की ओरडतात ना, "आई गं!" तो नुसता "आ... आ..." करून थांबला. पुढचं अक्षर गिळलं.

झुलाल आबा — माझे सासरे, एरवी कशात नसतात — ओसरीवरून बघत होते. काठी आपटून म्हणाले, "खुर्चीनापायी तुम्हीन पोऱ्याना खेय करी टाका." खेळच झाला होता पोराचा. दादा तिथेच होते. ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

१५ जुलै

एप्रिलची सोडत रद्द झाली होती. काय चुकलं, कसं चुकलं, कुणाला माहीत. आज परत काढली. यावेळी — सर्वसाधारण, महिला.

दिवे लागायच्या आत दादा अंगण ओलांडून आले. एका हातात हर्षल, दुसऱ्या हातात त्याच्या कपड्यांची पिशवी. "घे बाई. अजून पाच वर्षं. रुपचंदची माणसं आतापासून नाक खुपसतील. आजपासून परत तुला आई म्हणायला शिकव."

सामान ठेवून गेले. पिशवीत त्याचा एकच बूट होता.

मला आनंद झाला! लिहायलाही लाज वाटते इतका. तहसीलातली एक चिठ्ठी — आणि मी परत आई. उद्या दुसरी चिठ्ठी निघाली असती तर नाही. मनातल्या मनात मी चिठ्ठ्यांच्या त्या पत्र्याच्या डब्याला हात जोडले. देवाने इतक्या वर्षांत दिलं नाही, ते त्या डब्याने दोनदा दिलं — मागच्या वेळीही महिलेचीच चिठ्ठी निघाली होती.

मग बाहेर आले तर ताई हापशाजवळ उभ्या. अंधार पडत होता. हातात दुसरा बूट. माझ्या हातात दिला आणि गेल्या.

४ ऑगस्ट

शिकवत नाही मी. म्हणेल तेव्हा म्हणेल.

१६ नोव्हेंबर

टीव्हीवर एक पुढारी भाषण करत होता — आपली संख्या घटते आहे, जास्त मुलं होऊ द्या! लोक टाळ्या वाजवत होते. खाली पट्टी — कुठल्याशा राज्यात दोन अपत्यांची अट काढून टाकली म्हणे.

पोळी लाटता लाटता भाविकाताई थांबल्या. टीव्हीकडे बघत राहिल्या. तव्यावरची पोळी जळली. सासूबाई ओरडल्या, तरी ऐकू गेलं नाही त्यांना.

१२ डिसेंबर — धुळे

हर्षलला ताप. काल दुपारी डोळे फिरवले, अंग ताठ. ललितने कंपनीतून गाडी आणली, दादा पुढे, मी आणि ताई मागे, मधे तो. इथे दवाखान्यात आणेपर्यंत मी नुसती त्याचे तळवे चोळत होते. ताई मात्र सारख्या — "ए हर्षल, ए राजा, बघ इकडे."

नर्स म्हणाली, "आत फक्त आईला सोडू. आई कोण?"

आम्ही दोघी पुढे झालो.

नर्स वैतागली. "अहो, कोण एक?"

मी ताईंकडे बघितलं. बाहेर बाकावर रुपचंदचा मेहुणा त्याच्या आईला घेऊन आलेला, सरळ आमच्याकडेच बघत. दादा मागून दबक्या आवाजात — "रूपा, तू जा."

मी गेले. पडदा ओढला. त्याला सुई टोचली तेव्हा तो रडला, मी हात धरला. पडद्याखालून ताईंच्या चपला दिसत होत्या. तासभर त्या तिथून हलल्या नाहीत. बसायला बाक होतं तरी.

आता ताप उतरलाय. डॉक्टर म्हणाले, काळजी नाही.

१४ डिसेंबर

घरी आलो. दादांनी कागद पुढे ठेवले, ताईंनी सह्या केल्या नाहीत. "हात दुखतो," म्हणाल्या.

९ जानेवारी २०२६

हर्षल आज झोपेत "आई" म्हणाला. मी होते शेजारी. झोपेतलं कुणाला उद्देशून असतं?

माझ्यासाठीच असणार. मी ठरवलंय.

२४ जानेवारी

दादांनी पॅनलची बैठक घेतली. पुढच्या निवडणुकीला परत भाविकाताईच. खूप दिवसांनी मला इतकं शांत वाटतंय. अजून पाच वर्षं! तो तेव्हा नऊ वर्षांचा असेल, पोहायला शिकलेला असेल, स्वतः सायकल चालवेल. नऊ वर्षांच्या मुलाला कोण कुणाला आई म्हणायला शिकवेल? जूनमध्ये बालवाडीत घालायचं. ललित म्हणतो, शिरपूरची शाळा बघू, बस येते. मी डबा काय द्यायचा याचा सुद्धा विचार करून ठेवलाय.

संध्याकाळी ताई येऊन बसल्या. हर्षलचे केस विंचरले, भांग पाडला, परत मोडला, परत पाडला. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवला. तसं त्या कधी करत नाहीत.

२६ जानेवारी २०२६

झेंडावंदन झालं, मग ग्रामसभा. विषय वाचायच्या आधीच भाविकाताई माइक घेऊन उभ्या राहिल्या. कागद नव्हता हातात. म्हणाल्या, "मला तीन मुलं आहेत. तिसरा हर्षल. तो मीच जन्माला घातला. कुणी तक्रार करण्याआधी मीच सांगते. मला हे पद नको, पुढचंही नको. मला माझा मुलगा पाहिजे."

दादा जागच्या जागी बसून राहिले. रुपचंद अर्धा उठला होता, तो परत खाली बसला. मग बायकांमधून टाळ्या सुरू झाल्या, मग सगळीकडून. शेवंताबाई डोळे पुसत म्हणाली, "केवढी हिंमत व माय!"

हर्षल माझ्या मांडीवर होता. त्याला टाळ्या आवडतात. त्याचे दोन्ही हात धरून मी वाजवल्या.